सहा बाजू काटकोनात: मिलिंग शिकतानाच्या नोंदी

मिलिंग मशीन, म्हणजे फिरणाऱ्या कटरने धातू कापणारं. उभ्या स्पिंडलचं (कटर धरून फिरवणारा दांडा), हाताने चालवायचं, 'नी' (knee, टेबल पेलणारा भाग) वर-खाली होणारं. सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारं, नाही. प्रमाणपत्राची परीक्षा दोन भागांत आहे: एक लेखी, आणि दुसरा ड्रॉइंगवरून ठरलेल्या वेळेत एक जॉब (मशीनवर करायचा तुकडा). त्या जॉबची फक्त मापं तपासतात, तो कसा केला ते कुणी विचारत नाही. हेच शिकायला निघालेल्यांसाठी या नोंदी ठेवतेय. पुस्तकात सापडतं ते इथे फारसं नाही. माल कुठे वाया गेला, वेळ कुठे अडकला आणि शेवटी कशाने सुटलं, ते आहे.

५ फेब्रुवारी

आज कटर लावलाच नाही. टेबल, सॅडल (टेबलाखालचा पुढे-मागे सरकणारा भाग) आणि नी यांची हँडलं फिरवून नुसता हात बसवायचा होता. आमच्या मशीनवर टेबलाच्या हँडलचा एक फेरा म्हणजे ५ मिमी आणि डायलवर २५० रेघा, म्हणजे एक रेघ ०.०२ मिमी. हे आधी पाठ हवं. डायल फेऱ्याच्या आतलं सांगते, फेरे किती झाले ते सांगत नाही, त्यामुळे बोलत बोलत हँडल फिरवलं की बरोबर ५ मिमीने चूक होते. लांब सरकताना फेरे मोठ्याने मोजायची सवय आजपासूनच लावली.

हातमोजे घालायचे नाहीत. धातूचा कीस ब्रशनेच झाडायचा, तोही स्पिंडल पूर्ण थांबल्यावर. केस टोपीत. ड्रॉबारचा (कटर स्पिंडलमध्ये आवळणारा लांब बोल्ट) पाना वर विसरून स्पिंडल सुरू केला तर तो कुठे उडेल सांगता येत नाही. "पाना हातातून सुटला की त्याची जागा खिळ्यावर, मशीनवर नाही," असं सरांनी सांगितलं आणि भिंतीवरचा खिळा दाखवला.

९ फेब्रुवारी

हेड (स्पिंडल धरणारा मशीनचा वरचा भाग) टेबलाला काटकोनात आणायचं काम. स्पिंडलमध्ये डायल (हँडलवरची नाही, काट्याने बारीक फरक दाखवणारं मापक) धरायची, टोक टेबलावर टेकवायचं, गिअर न्यूट्रल करून स्पिंडल हाताने फिरवायचा आणि डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे वाचन घ्यायचं. डायलचं टोक टी-स्लॉटमध्ये (टेबलावरच्या खाचेत) पडलं की धक्का बसतो आणि सगळं वाचन जातं. यावर उपाय म्हणजे एकच ग्राइंड केलेली पट्टी चारही जागी सरकवत न्यायची आणि दर वेळी तिच्यावरच टेकवायचं. चार जागी चार वेगळ्या पट्ट्या ठेवल्या तर त्यांच्या जाडीतला फरकही वाचनात मिसळतो.

२०० मिमी व्यासाच्या फेऱ्यात डाव्या-उजव्यात ०.१० चा फरक होता. बोल्ट सैल करून हेड हलवलं, शून्य आलं. बोल्ट आवळले, तर पुन्हा ०.०६. दुपारचा बराच वेळ यातच गेला. हेड सरकत होतं ते आवळताना, कारण एक बोल्ट पूर्ण घट्ट करून मग दुसऱ्याला हात लावला जात होता. चारही बोल्ट आधी हलके टेकवायचे, हेड जड हलेल इतकेच. शून्य करायचं, मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जायचे आणि प्रत्येक वेळी डायल बघायची. असं केल्यावर ०.०२ वर थांबलं. पुढच्या-मागच्या झुकावाचंही तसंच केलं.

हेड सरळ आहे का हे नंतर जॉबवरही दिसतं. फेस कटरच्या वर्तुळाकार रेघा दोन्ही बाजूंनी पडून एकमेकींना छेदत असतील तर ठीक. एकाच बाजूच्या रेघा दिसल्या तर हेड त्या अंगाला कललंय. टेबल आडवं चालवत एकाशेजारी एक पास घेतले आणि दोन पासांच्या मध्ये नखाला पायरी लागली, तर पुढचा-मागचा झुकाव तपासायचा.

१२ फेब्रुवारी

व्हाइस (जॉब दोन जबड्यांत पकडणारा शिकंजा) बसवला. खालचा तळ आणि टेबल हाताने पुसले, नुसत्या कापडाने नाही. तळहाताला जे खुपतं ते डोळ्यांना दिसत नाही. व्हाइसच्या तळाला एक बारीक ठेच होती, ती ऑइल स्टोनने घासून काढली. एक बोल्ट घट्ट, दुसरा बेताचा ठेवून स्थिर जबड्यावर डायल फिरवत नायलॉनच्या हातोडीने ठोकत ०.०१ पर्यंत आणलं.

१६ फेब्रुवारी

पहिला ठोकळा. माइल्ड स्टील, ८० × ५० × ४० करायचा, सहाही बाजू एकमेकींना काटकोनात. क्रम असा:

सर्वांत मोठी बाजू आधी वर करून साफ करायची. ही पहिली बाजू. मग ती स्थिर जबड्याला टेकवायची आणि सरकत्या जबड्याच्या बाजूला, जॉबच्या साधारण मध्यावर, एक गोल सळई आडवी धरायची. समोरची बाजू अजून ओबडधोबड असते. सळई नसेल तर सरकता जबडा त्या वेड्यावाकड्या बाजूला टेकतो आणि पहिली बाजू स्थिर जबड्यापासून उचलली जाते. सळईमुळे दाब एकाच रेषेत येतो आणि पहिली बाजू पूर्ण चिकटते. अशी दुसरी बाजू मारायची. तिसरीसाठी दुसरी बाजू खाली पॅरललवर (जॉबखाली ठेवायच्या सारख्या उंचीच्या पट्ट्या) आणि पहिली पुन्हा स्थिर जबड्याला. चौथीसाठी पहिली बाजू खाली. दोन टोकं शेवटी, जॉब उभा करून, गुण्या लावून.

प्रत्येक बाजू झाली की कानशीने कडा मोडायच्याच. कडेला राहिलेला बारीकसा बर (कापताना उरलेली धातूची धारदार किनार) पुढच्या वेळी जॉबला पॅरललवरून उचलून धरतो. जॉब आवळला की वरून नायलॉनची हातोडी मारायची आणि खालचे पॅरलल बोटाने हलवून बघायचे. एकही हलला नाही पाहिजे.

एवढं सगळं करूनही दुसरी बाजू पहिलीला काटकोनात नव्हती. गुण्या लावला की ५० मिमीच्या उंचीत उजेड दिसत होता. फीलर गेजची ०.०८ ची पाती आत जात होती. परीक्षेत ०.०५ चालतं.

१९ फेब्रुवारी

संशय आधी हेडवर गेला, कारण तेच नुकतं हलवलं होतं. पण हिशोब जुळत नाही. २०० मिमीत ०.०२ चूक शिल्लक असेल तर ५० मिमीत ती ०.००५ होते. ०.०८ मध्ये ती कुठेच दिसणार नाही. हा हिशोब आधी केला असता तर हेड पुन्हा तपासण्याचा खटाटोप वाचला असता. तुम्ही करत असाल तर बोल्टला हात लावण्याआधी कागदावर हा भागाकार करा.

मग सळई बदलली. जरा वर, जरा खाली धरून पाहिली, दुसरा ठोकळा लावला. काटकोन पुन्हा तितकाच चुकला आणि त्याच बाजूला.

२२ फेब्रुवारी

तितकाच आणि त्याच बाजूला, हीच खरी खूण होती. कीस किंवा बर जॉबखाली अडकला तर चूक दर वेळी वेगळी येते, कधी इकडे, कधी तिकडे. चूक हटून एकाच जागी बसली असेल तर ती कुठेतरी मशीनमध्ये, नाहीतर पकडीत असते.

डायल स्पिंडलमध्ये धरली, टोक स्थिर जबड्याच्या वरच्या कडेजवळ टेकवलं आणि नी सावकाश वर नेला. ४० मिमीच्या प्रवासात काटा ०.०६ सरकला. ५० मिमीला हे ०.०७५ होतं, म्हणजे ०.०८ चा हिशोब लागला. पण काटा सरकतोय तो जबडा कललाय म्हणून, की नी वाकडा चढतोय म्हणून? टेबलावर तपासणी खोलीतला मास्टर गुण्या उभा केला आणि तसाच नी चालवून त्यावर डायल फिरवली. काटा जवळपास हललाच नाही. म्हणजे नी ठीक, जबडा कललेला.

स्थिर जबड्याची पोलादी पट्टी दोन स्क्रूंवर असते. ती काढली. मागे, खालच्या कडेला, कीसाची एक कपची होती. दाबून दाबून पत्र्यासारखी सपाट आणि चकचकीत झालेली, बोटाच्या नखाहून लहान. खालची कड तिने पुढे ढकलली होती, म्हणून वरची कड मागे कलली होती. बैठक पुसली, पट्टीची पाठ स्टोनवर घासली, स्क्रू आवळले, पुन्हा नी चालवला. ०.०१.

त्याच दिवशी केलेल्या ठोकळ्याला गुण्या लावला तर उजेड नाही.

व्हाइस लांबीत सरळ आहे का हे सगळेच बघतात. जबडा उंचीत उभा आहे का हे फार कमी जण बघतात आणि काटकोन मात्र त्यावरच ठरतो. पहिली बाजू बसते तशीच पुढच्या पाच निघतात. आता दर सोमवारी सकाळी पहिलं काम हेच: डायल, स्थिर जबडा, नी वर-खाली.

२ मार्च

स्पीडची सूत्रं सगळ्यांना माहीत असतात, पण मशीनवर उभं राहिल्यावर आठवत नाहीत. कार्ड करून हेडला चिकटवलंय. फेरे = १००० × कटिंग स्पीड ÷ (३.१४ × कटरचा व्यास). हायस्पीड स्टीलच्या कटरला माइल्ड स्टीलमध्ये मिनिटाला २५ मीटर धरले, तर १२ मिमीच्या एंड मिलला (टोकाने आणि बाजूने कापणारा कटर) ६६० च्या आसपास आणि २० मिमीच्या कटरला ४०० च्या आसपास. फीड (जॉब सरकवायचा वेग) = एका दाताचा कट × दात × फेरे. ०.०५ × ४ × ६६० म्हणजे मिनिटाला १३२ मिमी.

१२ च्या कटरला कर्कश आवाज येत होता आणि बाजूवर लाटा उठत होत्या. स्पीड कमी करून आवाज घटला, गेला नाही. कटर कॉलेटबाहेर (कटरचा दांडा आवळून धरणारी बाही) ५० मिमी लोंबत होता, कारण आधीच्या खोल जॉबनंतर तसाच राहिला होता. ३० वर आणला. वाकण्याचा हिशोब लांबीच्या घनावर चालतो, त्यामुळे ताठपणा एकदम चौपटीहून जास्त वाढला आणि आवाज बंद. यानंतर फीड कमी करायच्या ऐवजी थोडा वाढवला. अगदी हलका फीड दिला की दात कापत नाही, नुसता घासतो आणि धार लवकर जाते.

९ मार्च

१० मिमीची एंड मिल मोडली. नवी होती.

बाजूने कट घेताना जॉब त्या दिशेने सरकवला ज्या दिशेने दात फिरत होते. म्हणजे क्लाइंब. टेबलाच्या स्क्रूमध्ये जो ढिलेपणा असतो तेवढं टेबल दाताने एका झटक्यात पुढे ओढलं आणि एका दातावर काही दातांचा कट आला. ढिलेपणा किती आहे ते नंतर मोजलं: टेबलावर डायल लावून हँडल उलटं फिरवलं, काटा हलेपर्यंत हँडलच्या डायलवर ०.४ मिमी गेले. फीड ०.०५ असताना ०.४ ची उडी म्हणजे काय होतं ते त्या तुकड्यांकडे बघून कळतं.

हाती मशीनवर रफ कट नेहमी उलटाच, म्हणजे कन्व्हेन्शनल. गोंधळ टाळायला मी असं लक्षात ठेवलंय: कटर जॉबच्या मानाने ज्या दिशेने पुढे जातोय तिकडे तोंड करून उभं राहिलं, तर कापायची भिंत डाव्या हाताला हवी. उजव्या हाताला आली की क्लाइंब. (कटर वरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल तर.) शेवटचा ०.०५ चा पास क्लाइंबने घेतला तर बाजू छान गुळगुळीत येते, पण तेव्हा टेबलाचं लॉक किंचित आवळून टेबल जड करून घ्यावं लागतं.

१५ मार्च

ठोकळ्याची लांबी मशीनवरच मायक्रोमीटरने मोजली: ८०.००. समाधानाने ठेवून दिला. सकाळी तोच ठोकळा ७९.९७.

मायक्रोमीटर बरोबर होता. काल जॉब हाताला चांगलाच गरम लागत होता. पोलाद एका मीटरला, एका अंश सेल्सिअसला सुमारे ११.५ मायक्रॉन वाढतं. ८० मिमीचा तुकडा ३० अंशांनी तापलेला असेल तर जवळपास २८ मायक्रॉन. हरवलेले ०.०३ सापडले. ॲल्युमिनियम तर याच्या दुप्पट वाढतं. मापं २० अंशांना धरलेली असतात, हे लेखी परीक्षेतही विचारतात.

आता शेवटचा पास घ्यायच्या आधी जॉब थंड होऊ देते. तेवढ्या वेळात कडा मोडायच्या, पुढचं टूल काढून ठेवायचं. वेळ वाया जात नाही.

२३ मार्च

स्लॉट: १२ मिमी रुंद, १० खोल. ड्रॉइंगवर रुंदी १२ ला +०.०५, खाली काही नाही. १२ चा कटर लावून एका दमात सरळ पुढे. रुंदी १२.०८ आली आणि एक भिंत तिरकी.

कटरच्याच रुंदीच्या स्लॉटमध्ये कटरच्या एका अंगाला क्लाइंब आणि दुसऱ्या अंगाला कन्व्हेन्शनल चालू असतं, त्यामुळे कटर एकीकडे वाकतो. शिवाय कटर स्पिंडलमध्ये केसभर डगमगत असेल तर तितका स्लॉट रुंद होतोच. १२ चा स्लॉट १२ च्या कटरने मापात येईल अशी आशा धरू नका. १० चा कटर घ्या, मधून थराथराने खाली जा, कीस हवेने किंवा ब्रशने बाहेर काढत राहा, आणि मग दोन्ही भिंती वेगवेगळ्या मारा. एक भिंत ड्रॉइंगमधल्या अंतरावर, दुसरी रुंदी मोजून. रुंदी मोजायला व्हर्निअरचे आतले जबडे फसवतात. स्लिप गेज (अचूक जाडीचे पोलादी ठोकळे) जोडून घालून बघणं उत्तम: १२.०० चा संच हलक्या हाताने जायला हवा, १२.०५ चा अडायला हवा.

३० मार्च

स्लॉटची खोली एका टोकाला १०.०, दुसऱ्या टोकाला १०.३. नी लॉक होता, टेबल तपासलं, काही नाही. शेवटी कटरच्या दांड्यावर कॉलेटच्या कडेशी मार्करने रेघ मारली आणि पुन्हा कट घेतला. रेघ खाली आली होती. एंड मिलच्या वळणदार धारा कट घेताना कटरला खाली खेचतात आणि कॉलेटमध्ये तेलाचा ओशटपणा होता. कॉलेट, टेपर आणि दांडा तिन्ही कोरडे पुसले, ड्रॉबार नीट आवळला. रेघ जागची हलली नाही. जड कटला बाजूच्या स्क्रूचा होल्डरच बरा. आणि ड्रिल चकमध्ये एंड मिल कधीच नाही. चक आडवा जोर घ्यायला बनवलेलाच नसतो.

मार्करची रेघ आता प्रत्येक कटरला मारते.

६ एप्रिल

दोन भोकं, मध्यांतर ४० मिमी, ±०.१. एज फाइंडरने कड शोधायची. फिरणारं टोक आधी डगमगतं, जॉबला टेकत टेकत सरळ होतं आणि मग एकदम बाजूला घसरतं. घसरतं त्या क्षणी थांबायचं. १० मिमीच्या टोकाला स्पिंडलचं केंद्र कडेपासून ५ मिमीवर असतं, तेवढं पुढे जाऊनच शून्य धरायचं. हे सगळेच शिकवतात. बराचं कुणी सांगत नाही: कडेवर बर असेल तर फाइंडर बराला टेकतो आणि शून्यच चुकतं. स्टोन आधी.

भोकांमधलं अंतर ४०.४ आलं. पहिल्या भोकावर टेबल डावीकडून आलं होतं, दुसऱ्यावर ते थोडं पुढे गेलं म्हणून उलटं फिरवून मागे आणलं. ९ मार्चला मोजलेला ०.४ चा ढिलेपणा इथे पुरा उतरला. दर जागी एकाच दिशेने यायचं. पुढे गेलात तर अर्धा फेरा मागे जा आणि पुन्हा त्याच दिशेने या. पोहोचलात की टेबल लॉक.

१३ एप्रिल

रीमर, म्हणजे ड्रिल केलेलं भोक नेमक्या मापाला आणणारं टूल. १० मिमीच्या भोकाला आधी ९.८ चं ड्रिल. रीमरला ड्रिलच्या निम्मा स्पीड, फीड जरा जास्त, तेल भरपूर, आणि बाहेर काढतानाही तो सुलटाच फिरत हवा. उलटा फिरवला की धार जाते. भोक करून जागा हलवायची नाही: सेंटर ड्रिल, ड्रिल, रीमर, मगच पुढचं भोक.

२० एप्रिल

इंडेक्सिंग हेड, म्हणजे जॉब सारख्या भागांत फिरवून देणारं साधन. ३० मिमीच्या गोल सळीवर षटकोन. हँडलचे ४० फेरे म्हणजे जॉबचा एक फेरा, त्यामुळे सहा बाजूंना ४० ÷ ६, म्हणजे ६ पूर्ण फेरे आणि दोन तृतीयांश. हे दोन तृतीयांश हँडलमागच्या तबकडीवर मोजायचे: १८ भोकांच्या वर्तुळावर १२ जागा. घोटाळा नेमका इथे होतो: पिन ज्या भोकात आहे ते मोजायचं नाही. सेक्टरच्या (तबकडीवर भोकं मोजून ठेवणारी खूण) दोन हातांमध्ये १२ जागा हव्या असतील तर दिसणारी भोकं १३ असतात. १२ भोकं धरली तर प्रत्येक बाजूला थोडी थोडी चूक साचत जाते आणि सहावी बाजू पहिलीला जुळत नाही. माझी जुळली नाही, सळी भंगारात गेली.

दुसऱ्या सळीवर हात नीट लावले. इथेही ढिलेपणा आहे, वर्मचा (हँडलने फिरणारा आतला स्क्रूसारखा गिअर). हँडल कायम एकाच दिशेने. पिन भोकापुढे गेली तर बरंच मागे जाऊन पुन्हा यायचं. कट घेण्याआधी इंडेक्सिंग हेडचा स्पिंडल लॉक करायचा, फिरवण्याआधी सोडायचा. ३० च्या सळीतून मिळणारा सगळ्यात मोठा पूर्ण षटकोन समोरासमोर ३० × ०.८६६, म्हणजे २५.९८. प्रत्येक बाजूला २ मिमी खोल गेलं की कोपरे जवळपास टोकदार होतात. सहावी बाजू आज अगदी जुळली आणि सळी हातात फिरवून बघताना फार आनंद झाला.

४ मे

परीक्षेसारखा जॉब, घड्याळ लावून. ठोकळा, एका बाजूला पायरी, वर स्लॉट, दोन रीम केलेली भोकं. पाच तास. मी पावणेसहा घेतले.

कापण्यात वेळ गेला नव्हता. टूल बदलण्यात आणि जॉब पुन्हा पुन्हा पकडण्यात गेला होता. एकदा पायरी केली, मग भोकांसाठी टूल बदलली, मग स्लॉटसाठी पुन्हा एंड मिल. आता ड्रॉइंग हातात आलं की मशीनला हात लावण्याआधी कागदावर क्रम लिहिते: कोणती बाजू खाली, कोणती स्थिर जबड्याला, कोणतं टूल. एका पकडीत जेवढं होईल तेवढं सगळं. ज्या बाजूंवरून ड्रॉइंगमध्ये मापं दिली आहेत त्याच स्थिर जबड्याला आणि पॅरललला. मापं एका बाजूवरून दिलेली आणि आपण दुसरीवरून मोजलं तर ठोकळ्याच्या लांबीतली चूक भोकाच्या जागेतही जमा होते.

कागदाला पंधरा मिनिटं लागतात. पुढच्या सरावात पाच तासांच्या आत आले.

१७ मे

लेखी झाली. फेरे आणि फीडचे हिशोब, इंडेक्सिंग, ड्रॉइंग वाचणं, टॉलरन्स, सुरक्षितता. मशीनवर हात काळे केलेल्याला कठीण नाही.

२४ मे

प्रात्यक्षिक. मशीन माझ्या ओळखीचं नव्हतं, त्याच जातीचं पण दुसरं.

सुरुवातीलाच परीक्षकांना विचारलं, "सर, व्हाइस तपासायला वेळ घेऊ का?" ते म्हणाले, "घ्या की, वेळ तुमचाच आहे." घेतला. जबडा लांबीत सरळ होता, उंचीत ४० मिमीला ०.०४ कललेला. पट्टी खोलायची परवानगी मागितली, मिळाली. मागे काही नव्हतं. पट्टीच घासलेली होती. खालच्या कडेला बारीक घासलं तर सुधारेल की बिघडेल याची खात्री नव्हती, म्हणून पट्टीला हात न लावता जॉबच्या आणि स्थिर जबड्याच्या मध्ये, वरच्या कडेला शिम म्हणून पातळ पत्र्याची पट्टी धरली आणि दुसरी बाजू मारली. गुण्या लावला, ठीक होतं. सगळं धरून अर्धा तास गेला. तो सरावात वाचवलेल्या वेळातून आला.

हँडलच्या ढिलेपणाचा अंदाज नव्हता, तो जागा ठरवण्याआधी डायलने मोजून घेतला: ०.२५. बाकी कागदावरच्या क्रमाने. भोकं आणि स्लॉट एकाच पकडीत. शेवटच्या पासाआधी जॉब थंड होईपर्यंत थांबले, आजूबाजूची मशीनं चालू असताना थांबणं जड जातं. वेळ संपायच्या जरा आधी जॉब धुऊन, पुसून, कडा मोडून दिला.

२ जून

निकाल आला, प्रमाणपत्र मिळालं. तपासणीचा तक्ताही दिला आहे, तो प्रमाणपत्राहून जास्त कामाचा. काटकोन ०.०५ ला ०.०२. लांबी-रुंदी सगळी ±०.०५ च्या आत. भोकांचं मध्यांतर ४०.०३. स्लॉटची रुंदी १२.०४, म्हणजे परवानगीच्या टोकाला. दुसरी भिंत मारताना शेवटचा पास ०.०५ ऐवजी जेमतेम ०.०२ राहिला होता. कटर आधी घासत राहिला आणि मग एकदम आत शिरला. भिंतीवर शेवटच्या पासासाठी पुरेसा माल ठेवायला हवा होता.

या आठवड्यात त्याच स्लॉटचा सराव: रफनंतर दोन्ही भिंतींवर ०.१५ माल ठेवायचा, एक मधला पास, मोजणी, आणि मग शेवटचा ०.०५ चा.